सिलियाक नाही, तरी गहू सोसत नाही. असा त्रास खरंच असतो का?

माणची_लेक
नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहते, वय चाळिशीला टेकलंय. गेली काही वर्षं पोळी खाल्ली की तासा-दोन तासांत पोट तट्ट फुगतं. कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस पोट साफ नाही. त्याहून त्रासाचं म्हणजे डोकं जड होतं, दुकानाच्या हिशेबात लक्ष लागत नाही, दुपारी अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं.

माहेरी माण तालुक्यात गेले की जोंधळ्याची भाकरी, आमटी, ताक. तिथं हा त्रास निम्म्याहून कमी होतो. परत आले, पोळ्या सुरू झाल्या की पुन्हा तेच.

सिलियाकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतडं बिघडवणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी झाली, नॉर्मल. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला, तोही नॉर्मल. दोन्ही वेळा मी रोज पोळी खात होते, डॉक्टरांनी तसं बजावलंच होतं. गव्हाची ॲलर्जीही नाही निघाली. शेवटी एका ठिकाणी सांगण्यात आलं की तुम्हाला काही झालेलं नाही, मनातून काढून टाका.

'नॉन-सिलियाक ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी' असं नाव वाचनात आलं. हे खरं दुखणं आहे का? असेल तर ओळखायचं कसं? सासूबाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांना वाटतं मला पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय. मला खरं उत्तर हवंय, मग ते माझ्या बाजूचं नसलं तरी चालेल.

खटाववाला
ताई, भाकरी मानवतीय तर भाकरी खावा. आमच्या आज्ज्याच्या काळात गहू सणालाच. पोळी म्हणजे पुरणाची, नाहीतर पाव्हणं आलं तर. बारा महिने बाजरी आणि शाळू. विहिरीला पाणी कुठं होतं गहू करायला? पुढं रेशनवर गहू यायला लागला आणि घराघरांत तव्यावर चपाती आली. पोटाला सवय न्हाई, दुसरं काय.

द्राक्षबाग
खटाववाला यांच्याशी सहमत. त्यात हा आताचा गहू म्हणजे नव्या, सुधारित वाणांचा. जुना खपली गहू आणा, त्यात ग्लुटेन नसतं. आमच्या तासगाव भागात खपलीची खीर पिढ्यान्‌पिढ्या खातात, कुणाला काही होत नाही.

मिरजेची_सून
द्राक्षबागदादा, हे वाक्य कृपा करून खोडा. खपलीत ग्लुटेन असतं. खपली हा गव्हाचाच प्रकार आहे.

माझ्या मुलाला सिलियाक आहे. पाच वर्षांचा झाला तरी वजन वाढत नव्हतं, हिमोग्लोबिन कितीही औषध दिलं तरी वर येईना, पोट तेवढं पुढे आलेलं. निदान व्हायला फार वेळ गेला. आणि मग एका लग्नात नात्यातल्याच एका बाईंनी 'ही खपलीची आहे, चालते' म्हणून त्याला वाटीभर खीर भरवली. पुढचे दिवस काय गेले ते आम्हालाच माहीत. सिलियाकमध्ये खपली, रवा, शेवया, दलिया, मैदा, जव, सगळं बंद म्हणजे बंद, तेही जन्मभर. असं काही इथे लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि खरं मानतं.

माणची_लेक, तुमच्या त्रासाबद्दल शंका नाही. पण 'मला ग्लुटेन चालत नाही, पण एखादा वडापाव चालतो' असं म्हणणारी माणसं वाढली की हॉटेलवाला माझ्या मुलाचंही मनावर घेत नाही. म्हणून हा विषय निघाला की मी कडक बोलते.

द्राक्षबाग
ताई, शब्द मागे. मजकूर वर तसाच राहू दे, म्हणजे तुमचं उत्तरही लोक वाचतील. पण खपली खाल्ल्यावर मला हलकं वाटतं हा माझा अनुभव आहे, तो खोटा नाही.

वैद्यक_सांगली
निवृत्त आहे, मेडिसिन शिकवत होतो. जरा सविस्तर लिहितो, कारण तीन वेगळ्या गोष्टींची इथे सरमिसळ होते आहे.

सिलियाक हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतली मऊ लव झडून सपाट होते आणि अन्नरस शोषला जात नाही. म्हणून लोह कमी, हाडं ठिसूळ, मुलांची उंची खुंटलेली. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे. भारतात तो सगळीकडे सारखा नाही. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारताची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिलियाकच्या अँटिबॉडी उत्तरेत १.२३ टक्के लोकांत आढळल्या, दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत. गहू किती खातात याचा त्याच्याशी संबंध आहे, फक्त आनुवंशिकतेचा नाही.

गव्हाची ॲलर्जी ही दुसरी गोष्ट. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप लागणं, बहुधा काही मिनिटांत ते एक-दोन तासांत. तिथे प्रयोग करत बसायचं नसतं.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नातली. पहिल्या दोन नाहीत हे नक्की झालं, तरी गहू खाल्ल्यावर पोट फुगतं, दुखतं, थकवा येतो, डोकं धुरकटतं, आणि गहू थांबवल्यावर बरं वाटतं. असे रुग्ण आहेत याची नोंद १९७८ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहे. यासाठी रक्ताची तपासणी नाही, आतड्याच्या तुकड्यातही ठरावीक खूण दिसत नाही. बाकीचं वगळत वगळत इथे यावं लागतं. त्यामुळे ज्यांनी 'काही झालेलं नाही' म्हटलं त्यांनी वाक्य अर्धंच सांगितलं. 'आम्ही तपासलं त्यातलं काही निघालं नाही' इतकाच त्याचा अर्थ होतो.

आता अवघड भाग. गहू बाधतो हे खरं असलं, तरी गव्हातलं ग्लुटेनच बाधतं हे त्यातून सिद्ध होत नाही. त्याबद्दल उद्या लिहितो, डोळे थकले.

माणची_लेक
डॉक्टरसाहेब, तुमची पहिली तीन वाक्यं वाचूनच धीर आला. उद्याची वाट बघते.

प्रश्नचिन्ह
मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. हे बरंचसं मनाचं आहे असं दाखवणारे अभ्यास आहेत. ज्यांना ग्लुटेनचा त्रास होतो असं वाटतं, त्यांना न सांगता ग्लुटेन दिलं आणि न सांगता साधी भुकटी दिली, तर दोन्हींनी त्रास होतो म्हणणारे कितीतरी निघतात. सेलिब्रिटींनी गहू सोडला म्हणून इकडे पुण्या-साताऱ्यातही ग्लुटेन-फ्री बिस्किटं विकली जातात. ताईंबद्दल बोलत नाही, एकूण चित्राबद्दल बोलतोय.

खटाववाला
मनाचं असतं तर माहेरी पण त्रास झाला असता की.

प्रश्नचिन्ह
उलट माहेरी मन निवांत असतं, म्हणूनच कमी होत असेल!

सुगरण_विटा
माहेरी सगळ्यांचंच पोट बरं असतं हो, आयतं ताट मिळतं ना 😄

पण माणची_लेक, एक विचारते. सासरी पोळीबरोबर काय असतं आणि माहेरी भाकरीबरोबर काय असतं? नुसती पोळी आणि भाकरी कुणी खात नाही.

माणची_लेक
सासरी रोज रस्साभाजी किंवा उसळ, कांदा-लसूण मसाला सढळ हाताने. आमच्या घरात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला होतो आणि दिवाळीपर्यंत डबा तळाला लागतो. शिवाय तोंडी लावायला कच्चा कांदा.

माहेरी आई-दादा माळकरी. पंढरीची वारी करतात. घरात कांदा-लसूण जवळजवळ नाहीच, चातुर्मासात तर बिलकूल नाही. आमटी जिरं-खोबऱ्याच्या वाटणाची. का बरं?

सुगरण_विटा
काही नाही, मला उगाच वाटलं. डॉक्टरांना बोलू द्या.

वैद्यक_सांगली
सुगरणताई, उगाच नाही. तुम्ही जो प्रश्न विचारलात तो शिकाऊ डॉक्टरांकडून वदवून घ्यायला मला वर्षानुवर्षं लागली.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी २०११ मध्ये ३४ रुग्णांवर एक चाचणी केली. सगळ्यांना आयबीएस, म्हणजे आतड्याची तक्रार, सिलियाक कुणालाच नाही. १९ जणांना ग्लुटेन असलेला पाव आणि मफिन, १५ जणांना ग्लुटेन नसलेले. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यांनाही नाही. ग्लुटेनवाल्यांना त्रास जास्त झाला. जगभर चर्चा झाली.

पण त्याच लोकांनी थांबून स्वतःलाच पुढचा प्रश्न विचारला, याचं मला फार कौतुक वाटतं. २०१३ मध्ये ३७ जणांना घेतलं आणि या वेळी आधी सगळ्यांच्या जेवणातून फॉडमॅप कमी केले. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा आणि त्यांच्या छोट्या साखळ्या. मोठ्या आतड्यात जंतू त्या आंबवतात, वायू होतो, पाणी ओढलं जातं. एवढं केल्यावरच बहुतेकांना बरं वाटलं. त्यानंतर कुणाला भरपूर ग्लुटेन, कुणाला थोडं, कुणाला दुधातलं प्रथिन दिलं, तर तिन्हींत त्रास सारखाच. खास ग्लुटेनचाच त्रास म्हणता येईल असे रुग्ण अगदी थोडे.

गव्हात ग्लुटेनशेजारीच फ्रुक्टन नावाचा फॉडमॅप असतो. नॉर्वेत, ओस्लोमध्ये, स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना आठवडाभर ग्लुटेनच्या वड्या, आठवडाभर फ्रुक्टनच्या, आठवडाभर यातलं काहीच नसलेल्या अशा आलटून-पालटून दिल्या. २०१८ मध्ये निकाल आला. सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टनच्या आठवड्यात झाला असे २४ जण, ग्लुटेनच्या आठवड्यात १३, आणि काहीच नसलेल्या वडीने २२.

हे फ्रुक्टन गव्हाखेरीज आपल्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त कशात असतात? कांद्यात आणि लसणात.

खटाववाला
आरं तिच्या!

कोयनाकाठ
म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरच्या प्रत्येक घरात हा संशयित आरोपी बरणीत बसलाय की!

प्रश्नचिन्ह
डॉक्टर, त्या २२ जणांचं काय? काहीच नसलेल्या वडीने ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला ते. माझा मुद्दा तोच होता.

वैद्यक_सांगली
मुद्दा बरोबर आहे. पण त्यावरून 'मनाचं आहे' असं म्हणून रुग्णाला घरी पाठवणं मला मान्य नाही. त्रास होणार असं वाटत असलं की आतड्याची हालचाल खरोखर बदलते, जाणीव तीव्र होते, पोट खरोखर दुखतं. मेंदू आणि आतडं यांच्यात मज्जातंतूंचा दुहेरी रस्ता आहे. परीक्षेच्या सकाळी मुलाला जुलाब होतात तेव्हा आपण त्याला ढोंगी म्हणतो का? त्या २२ जणांचं दुखणं खरंच होतं, कारण वेगळं होतं. आणि ते १३ जणही विसरू नका. त्यांच्यातल्या काहींना ग्लुटेनचाच त्रास असू शकतो. शिवाय गव्हात एटीआय नावाची आणखी काही प्रथिनं आहेत, ती आतड्याची प्रतिकारयंत्रणा चेतवतात असं प्रयोगशाळेत दिसतं. तो तपास चालू आहे.

द्राक्षबाग
मग नव्या गव्हात ग्लुटेन वाढवलंय, हे तरी खरं ना?

वैद्यक_सांगली
जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातले गव्हाचे ६० वाण एकाच शेतावर लावून तपासले. एकूण ग्लुटेन साधारण तेवढंच राहिलं, उलट त्यातला ग्लायडिन हा भाग थोडा घटला. आपल्याकडे बदललं ते ताट. खटाववाला यांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं तेच. सणाला खायचा गहू दोन्ही वेळेला आला, वर चहाबरोबर बिस्किट, खारी, टोस्ट, संध्याकाळी पाव. तुम्हाला खपलीने हलकं वाटतं, तर खुशाल खा, तुम्हाला सिलियाक नसेल तर.

गिरणीवाला_वाळवा
लय दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितो. माझी पिठाची गिरणी आहे. मिरजेच्या ताईंसाठी सांगतो. गव्हावर जोंधळा दळला की पहिल्या एक-दोन शेरांत गहू येतोच. पुढंही येतो. दगडाला टाकी लावलेली असते, त्या खाचांत पीठ बसतं, ते झाडून निघत नाही. वर गिरणीत हवेत पीठ उडतंय ते वेगळंच. सिलियाकवाल्यांनी गिरणीवर दळण आणूच नये, घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणा पडू देऊ नये. माझा धंदा बुडाला तरी चालंल, पोराला त्रास नको.

मिरजेची_सून
दादा, तुमचे उपकार. आम्ही तेच करतो. बाहेरचं बेसन पण बंद केलं, हरभराडाळ निवडून घरीच दळतो.

इतर आयांसाठी सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डबीतला हिंग बघा. तो शुद्ध नसतो, डिंक आणि पीठ घालून केलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. सोया सॉसमध्ये गहू. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं, तसा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. मुलाचं निदान झाल्यावर आम्ही दोघांनी आणि धाकटीनेही तपासणी करून घेतली, कारण सख्ख्या नात्यात धोका बराच जास्त असतो.

कोयनाकाठ
माझा प्रश्न वेगळा आहे. मी वर्षभरापूर्वी गहू सोडला, जावळीकडचे असल्याने घरात नाचणी आणि तांदळाची भाकरी होतीच. बरं वाटतंय. सिलियाकची तपासणी कधीच केली नाही. आता केली तर?

वैद्यक_सांगली
आता केली तर बहुधा नॉर्मल येईल आणि त्या नॉर्मलला अर्थ नसेल. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते, सोबत एकूण आयजीए (रक्तातल्या अँटिबॉडींचा एक प्रकार) बघायचं. काही लोकांत आयजीएच कमी असतं, मग टीटीजी खोटी नॉर्मल येते. तुमच्यासाठी एक वाट म्हणजे एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ची जनुकतपासणी. त्यासाठी गहू खावा लागत नाही. दोन्ही नसतील तर सिलियाक असण्याची शक्यता जवळपास संपते. असतील तर मात्र निदान होत नाही, कारण कितीतरी निरोगी माणसांतही ती असतात. तेव्हा पोटाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे गहू पुन्हा खाऊन तपासणी करावी लागते.

पुढ्यात आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलो: आधी तपासा, मग गहू सोडा. उलट क्रमाने गेलं की पुढचं सगळं अंदाजाने चालतं.

शेजारीण_वाई
एका लॅबमध्ये रक्तावर शंभरच्या वर पदार्थांची 'इनटॉलरन्स' तपासणी करून मिळते. माझ्या जावेला त्यात गहू, दूध, अंडं, वांगं, शेंगदाणा असं बरंच काही निघालं. बिचारी भात आणि दोडक्यावर राहते आहे.

वैद्यक_सांगली
ती आयजीजी (अँटिबॉडींचा आणखी एक प्रकार) तपासणी असेल तर तो कागद बाजूला ठेवायला सांगा. आयजीजी दाखवतं की तुम्ही तो पदार्थ खाल्ला आहे. बाधतो की नाही ते दाखवत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे की अन्नाची असहिष्णुता ओळखायला ती वापरू नये. जावेला आहारतज्ज्ञाकडे घेऊन जा, लवकर. भात-दोडक्यावर बाईमाणसाची प्रकृती किती टिकेल?

सुगरण_विटा
मी तेवढी स्वयंपाकाची बाजू सांगते. डॉक्टरांनी फ्रुक्टन म्हटल्यावर माझ्या आहारतज्ज्ञ भाचीला विचारलं. ती म्हणाली, फ्रुक्टन पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून लसूण ठेचून तेलात खरपूस परतायचा, गाळून काढून टाकायचा, आणि त्या तेलात फोडणी करायची. वास-चव राहते. रश्शात शिजवलेला लसूण काढून टाकून उपयोग नाही, तो पाण्यात उतरलेला असतो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. आणि हो, जोंधळ्याची भाकरी करताना पीठ ताजंच दळा, विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना तुटते आणि मग सगळे म्हणतात जमत नाही.

खटाववाला
विरी गेली तर उकळतं पाणी घालून मळायचं, जमतंय.

कोयनाकाठ
आणि भडंग? त्यात तर गहू नाही!

सुगरण_विटा
चुरमुरे तांदळाचे, पण सांगलीच्या भडंगात लसूण किती असतो ते खाणाऱ्याला माहीत. माणची_लेक यांनी सध्या लांबूनच वास घ्यावा.

माणची_लेक
बऱ्याच आठवड्यांनी येते आहे. मुद्दाम थांबले होते, हाती काहीतरी लागल्यावरच लिहायचं ठरवलं.

इथलं सगळं घेऊन साताऱ्यातल्याच एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी गहू आधी तसाच ठेवला आणि कांदा-लसूण बंद केला, कडधान्यांच्या उसळीही कमी केल्या. पोट फुगणं खूप कमी झालं. मग भाकरीबरोबर कच्चा कांदा खायला लावला, तर भाकरी असूनही रात्रभर पोट गच्च. ते बघून मी खरंच चकित झाले. बिनकांद्याच्या भाजीबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या तर ठीक. चार खाल्ल्या तर जड. मिसळीबरोबर पाव खाल्ला तर त्रास, अर्थात मिसळीत काय काय असतं ते आता कळलंय.

डोकं जड होणं मात्र पूर्ण गेलेलं नाही. कमी आहे, पण आहे. त्यामुळे माझं दुखणं फ्रुक्टनचंच, ग्लुटेनचं नाही, असं छातीठोक सांगता येत नाही.

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. 'माळकऱ्यांची लेक, कांद्यानं दुखायचंच' म्हणाल्या. आता लसणाचं तेल त्याच करून ठेवतात, माझी आमटी आधी काढून मग बाकीच्यांच्यात मसाला घालतात. पोळ्यांवरून काही बोलत नाहीत.

प्रश्नचिन्ह
ताई, आनंद झाला. तुम्ही ज्या पद्धतीने एकेक गोष्ट बदलून बघितलीत, ते फार थोडे लोक करतात.

कोयनाकाठ
माझं मात्र उलटं निघालं. जनुकतपासणी केली, दोन्ही नाहीत, म्हणजे सिलियाकची काळजी मिटली. मग कांदा-लसूण बंद करून गहू खाल्ला, तर त्रास झालाच. कांदा-लसूण भरपूर आणि नाचणीची भाकरी, तर काही नाही. मी त्या १३ जणांतला दिसतोय.

वैद्यक_सांगली
शक्य आहे. पक्कं ठरवायचं तर आंधळी चाचणीच करावी लागेल. २०१५ मध्ये तज्ज्ञांनी तिची पद्धत ठरवली आहे: रोज ८ ग्रॅम ग्लुटेन एक आठवडा, मधे एक आठवडा विश्रांती, मग एक आठवडा नुसती भुकटी, आणि कोणती कधी हे कुणालाच माहीत नाही. आपल्याकडे ती रोजच्या दवाखान्यात होत नाही. तुम्ही नाचणी, ज्वारी, तांदळावर सुखी असाल तर तसेच राहा. सिलियाक नसल्यामुळे गिरणीच्या पिठाची किंवा हिंगाची धास्ती घ्यायचं कारण नाही. फक्त बाजारातल्या ग्लुटेन-फ्री बिस्किट-ब्रेडच्या नादी लागू नका, त्यात नुसता स्टार्च आणि साखर जास्त, चोथा कमी. आणि वजन विनाकारण घटलं, शौचातून रक्त गेलं, ताप राहिला किंवा रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागलं, तर ते आहारावर ढकलू नका. आपल्या देशात आतड्याचा क्षयही असतो.

माणची_लेक, तुमच्यासाठी: हे पथ्य जन्मभराचं नाही. पहिला बंद करण्याचा काळ दोन ते सहा आठवड्यांचा, मग एकेक पदार्थ परत आणून किती सोसतो ते बघायचं. आतड्यातल्या चांगल्या जंतूंना हेच फ्रुक्टन खाद्य म्हणून लागतात. थोडा शिजवलेला कांदा परत आणून बघा.

माणची_लेक
हो, बाई पण तेच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पाव कांदा आमटीत घालून बघायचंय. आणि एक विचारायचं होतं, दिवाळीच्या चकल्यांचं काय करू?

सुगरण_विटा
तांदूळ, मूगडाळ, थोडं उडीद, जिरं, धणे. हरभराडाळ अगदी कमी, गहू नको, लसूण नको. तीळ आणि ओवा मोकळ्या हाताने. मोहन कडकडीत घाला म्हणजे खुसखुशीत होतात.

मिरजेची_सून
सुगरणताई, यात हिंग नाही घातला तर माझ्या मुलालाही चालतील. डाळ-तांदूळ मी घरघंटीवर दळते. किलोला मूगडाळ किती घेऊ?

सुगरण_विटा
किलोभर तांदळाला पाव किलो मूगडाळ, उडीद त्याच्या निम्मं. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजा, तांदूळ लाल होऊ देऊ नका. आणि सोऱ्या घरातलाच पण कणकेला न लागलेला घ्या, नाहीतर नवा आणा.